नव्वद किलोमीटरवरचा वारा

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९९ साली एक रडार सुरू केले. रडार म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारी गोल फिरणारी तबकडी इथे नाही. आहेत त्या खांबांवर ताणलेल्या तारा. विमाने किंवा पावसाचे ढग शोधण्याशी या रडाराचा संबंध नाही. त्याचे काम जमिनीपासून सुमारे ७० ते १०० किलोमीटर उंचीवर वारा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहतो आहे, हे रात्रंदिवस मोजत राहण्याचे.

हे सांगितले की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एवढ्या वर वारा असतो?" आणि दुसरा : "असला तरी आपल्याला त्याचे काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. विमान १०-१२ किलोमीटरवरून उडते, हवामान खात्याचा फुगा ३०-३५ किलोमीटरवर जाऊन फुटतो आणि उपग्रह काही शे किलोमीटरवरून फिरतात. मधल्या पट्ट्यात फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. अग्निबाण तेवढे तिथून जातात, पण काही मिनिटांपुरतेच. त्यामुळे हा पट्टा बराच काळ दुर्लक्षित राहिला. या पट्ट्यातल्या वाऱ्यांच्या आलेखांशी माझा अनेक वर्षे संबंध आला आहे. खाली आपण ज्याला हवामान म्हणतो त्याच्याशी या वाऱ्यांचे नाते किती जवळचे आहे आणि ते जोडणारा दुवा कोणता, हे या लेखात सांगायचे आहे. त्या दुव्याचे नाव गुरुत्व तरंग.

नावाचा घोटाळा

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहणार आहे. ती ज्या शोधणार त्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांमुळे अवकाश-काळात उठणारी कंपने. आपले गुरुत्व तरंग अगदी वेगळे आणि पुष्कळच घरगुती. तळ्यात दगड टाकल्यावर पाण्यावर उठतात त्या लाटा याच कुळातल्या. पाणी वर उचलले गेले की गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते, ते आपल्या मूळ पातळीच्याही खाली जाते, मग पुन्हा वर ढकलले जाते. ही वरखाली पुढे सरकत गेली की लाट होते.

हवेला पाण्यासारखा पृष्ठभाग नसला, तरी थर असतात. खाली दाट हवा, वर विरळ. हवेचा एखादा गोळा कशाने तरी वर ढकलला गेला, तर तो प्रसरण पावून थंड होतो. आजूबाजूची हवा त्याच्यापेक्षा उबदार आणि हलकी असेल, तर तो जड ठरून खाली येतो. खाली येताना दाबला जाऊन तापतो, मूळ जागा ओलांडून गेला की आजूबाजूपेक्षा हलका ठरतो आणि प्लावक बलाने पुन्हा वर येतो. स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी ही हालचाल आहे. एका हेलकाव्याला तपांबरात, म्हणजे आपल्या हवामानाच्या थरात, साधारण १० मिनिटे लागतात. स्थितांबरात थरांची रचना अधिक ताठ असल्यामुळे तिथे सुमारे ५ मिनिटे पुरतात. याहून जलद गुरुत्व तरंग तिथे राहूच शकत नाहीत. संथ मात्र असू शकतात, काही तर कित्येक तासांचे.

हे तरंग उठतात कशाने? वारा डोंगराला धडकून वर चढतो तेव्हा, दोन थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात मोठा फरक पडतो तेव्हा, आणि उष्ण कटिबंधात सर्वांत जास्त, गडगडाटी ढग उसळतात तेव्हा. वळवाच्या पावसाचा ढग आपण खालून पाहतो. त्याचा माथा अनेकदा १५-१६ किलोमीटरपर्यंत जातो आणि तपांबराच्या छताला, म्हणजे तपस्तब्धीला, खालून धडका देतो. त्या प्रत्येक धडकेने वरच्या शांत थरांत लाट उठते. खाली आपण गारा वेचत असतो, तेव्हा वर तिचा प्रवास सुरू झालेला असतो.

लाट वर चढते तेव्हा

पाण्यावरची लाट आडवी पसरते. हवेतली लाट आडवी तर जातेच, पण तिरकी वरही चढते, आणि हेच तिचे वैशिष्ट्य. वर जाताना हवा विरळ होत जाते. तरंगाची ऊर्जा वाटेत खर्च झाली नाही, तर तीच ऊर्जा कमी कमी हवेच्या वाट्याला येते, म्हणून हेलकावा वाढत जातो. हिशेब सोपा आहे. ९० किलोमीटरवर हवेची घनता जमिनीजवळच्या घनतेच्या सुमारे साडेतीन लाखाव्या भागाएवढी उरते. हेलकावा घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे ६०० पट. जमिनीजवळ सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाची झुळूक, जी गालालाही जाणवणार नाही, ती वरपर्यंत अखंड पोचली तर सेकंदाला ६० मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाचे वादळ होईल.

प्रत्यक्षात असे अनिर्बंध वाढणे शक्य नसते. हेलकावा फार मोठा झाला की दाट हवा विरळ हवेच्या वर येते, थर उलथतो आणि लाट फुटते, किनाऱ्यावर समुद्राची लाट फुटते तशी. फुटताना ती दोन गोष्टी करते. ऊर्जेची खळबळ होते, आणि लाटेने खालून आणलेला संवेग त्या जागच्या वाऱ्याला मिळतो. लाट पूर्वेकडे जाणारी असेल तर वाऱ्याला पूर्वेकडे ढकलते, पश्चिमेकडे जाणारी असेल तर पश्चिमेकडे. हजारो लाटांची ही ढकलाढकल वरच्या वाऱ्यांची दिशा ठरवते.

ही कल्पना रूढ व्हायला वेळ लागला. उल्का जळताना मागे राहणारी प्रकाशमान रेघ काही वेळा मिनिटभराहून अधिक टिकते आणि पाहता पाहता वेडीवाकडी होते. म्हणजे ९० किलोमीटरच्या आसपास दर काही किलोमीटरला वारा वेगळ्या दिशेने वाहतो. ही निव्वळ अनागोंदी नसून खालून आलेले गुरुत्व तरंग आहेत, अशी मांडणी कॉलिन हाइन्स यांनी १९६० साली कॅनडात केली. नंतरच्या २० वर्षांत हॉटन, लिंडझेन, मात्सुनो, होल्टन यांनी या तरंगांच्या फुटण्याचे गणित बसवले. पण गणिताला मोजमापाचा आधार हवा, आणि तो रडारने दिला.

स्वच्छ हवेचा प्रतिध्वनी

ढग नाही, पाऊस नाही, विमान नाही, अशा मोकळ्या आकाशाकडे रेडिओ लहरी सोडल्या तर परत काय येणार? फारच थोडे, पण काही तरी येते. हवेचा अपवर्तनांक १ पेक्षा जमिनीजवळही जेमतेम दहा हजारांत ३ एवढाच जास्त असतो. हवेत जिथे खळबळ असते तिथे तापमान आणि बाष्प यांच्या लहान लहान चढउतारांनी या अपवर्तनांकात दहा लाखांत एखाद्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी फरक पडतो. त्या फरकांवरून रेडिओ लहरीचा अत्यल्प अंश माघारी वळतो. मध्यांबरात, ६० किलोमीटरच्या वर, तेच काम सूर्यप्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन करतात.

पेरूची राजधानी लिमा हिच्याजवळ खिकामार्का येथे १९६०च्या दशकाच्या आरंभी एक प्रचंड रडार उभे राहिले. १८,४३२ द्विध्रुव अँटेना, प्रत्येक बाजू सुमारे ३०० मीटर. ते बांधले होते त्याहून वरच्या आयनांबरासाठी. रोनाल्ड वुडमन आणि आल्बेर्तो गियेन यांनी १९७४ साली दाखवून दिले की या रडाराला स्थितांबर आणि मध्यांबरातले वारेही दिसतात. मध्यांबर, स्थितांबर आणि तपांबर या तिन्ही थरांकडे पाहणारी म्हणून अशा रडारांना त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एमएसटी रडार' हे नाव पडले.

भारताचे एमएसटी रडार तिरुपतीजवळ गादंकी या गावी आहे. चहूबाजूंनी टेकड्या असल्यामुळे बाहेरच्या रेडिओ गोंगाटापासून तिथे बराच आडोसा मिळतो. १९९०च्या दशकाच्या आरंभी हे रडार उभारले गेले. १३० मीटर लांबीरुंदीच्या चौकात ३२ ओळी आणि ३२ रांगा अशा १,०२४ यागी अँटेना, ५३ मेगाहर्ट्झ वारंवारता आणि शिखरशक्ती अडीच मेगावॅट. घराच्या छपरावर पूर्वी दूरदर्शनसाठी लावत त्याच जातीचा हा अँटेना, फक्त आकाशाकडे तोंड करून उभा. इथे आधी राष्ट्रीय एमएसटी रडार सुविधा होती. तीच आज राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा आहे.

या रडाराची लहर सुमारे ५.६६ मीटर लांबीची. तिच्या निम्म्या, म्हणजे २.८ मीटरच्या आसपासच्या खळबळीवरून ती परावर्तित होते. स्पंद परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची कळते. १५ किलोमीटरवरून तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात परततो. वाऱ्याचा वेग डॉप्लर परिणामावरून कळतो. खळबळ वाऱ्याबरोबर वाहत असते, म्हणून परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित बदलते. हा 'किंचित' शब्द जपून वाचावा. सेकंदाला १ मीटर वेगाला वारंवारतेत फरक पडतो तो ०.३५ हर्ट्झ, तोही ५ कोटी ३० लाख हर्ट्झमध्ये. त्यातून संकेत इतका क्षीण की एका स्पंदाच्या प्रतिध्वनीत आकाशगंगेच्या रेडिओ गोंगाटाखाली तो सापडतच नाही. म्हणून एकामागून एक स्पंद पाठवून त्यांच्या प्रतिध्वनींची बेरीज करतात. गोंगाट बेशिस्त असल्यामुळे बेरजेत बराचसा कटतो, संकेत शिस्तीत असल्यामुळे साचत जातो.

शलाका सरळ वर धरली की हवेची उभी हालचाल कळते. ती पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशी १० अंश कलती केली की आडवा वारा कळतो. अँटेना हलवावे लागत नाहीत. त्यांना पोचणाऱ्या विजेच्या कला बदलल्या की शलाका आपोआप झुकते.

या पद्धतीतली सर्वांत देखणी युक्ती १९८३ साली व्हिन्सेंट आणि रीड यांनी मांडली. तरंग वर संवेग नेतो म्हणजे काय? हवा वर जात असतानाच ती पूर्वेकडेही जात असेल आणि खाली येताना पश्चिमेकडे, तर एकूण व्यवहारात पूर्वेकडचा संवेग वर पोचतो. अशा वेळी पूर्वेकडे कलत्या शलाकेत दोन्ही हालचालींची बेरीज दिसते आणि पश्चिमेकडे कलत्या शलाकेत वजाबाकी. म्हणून एका शलाकेतली चढउतार दुसरीपेक्षा मोठी भरते. त्या दोहोंतला फरक मोजला की तरंगांनी वर किती संवेग नेला याचा थेट हिशेब लागतो. जमिनीवर बसून आकाशातल्या ढकलाढकलीचे माप घेण्याची यापेक्षा सरळ रीत मला माहीत नाही.

कोल्हापूरची वेगळी रीत

एमएसटी रडारालाही मर्यादा आहेत. सुमारे २५-३० ते ६० किलोमीटर या पट्ट्यातून त्याला प्रतिध्वनी मिळत नाही. तिथे हवा विरळ, बाष्प नाही आणि इलेक्ट्रॉनही पुरेसे नाहीत. गादंकीला ही पोकळी काही अंशी लेसर किरणांच्या लायडार यंत्राने भरून निघते, पण ते फक्त रात्री आणि निरभ्र आकाशात. मध्यांबरातले प्रतिध्वनी मुख्यतः दिवसा येतात. शिवाय एवढे मोठे यंत्र अहोरात्र चालवणे खर्चाचे असते.

इथे कोल्हापूर आणि तिरुनेलवेलीची मध्यम वारंवारतेची रडारे उपयोगी पडतात. तिरुनेलवेलीचे १९९२ च्या अखेरीस सुरू झाले. दोन्ही १.९८ मेगाहर्ट्झवर चालतात. इतक्या लांब लहरीला मध्यांबरातल्या इलेक्ट्रॉनांचे थोडे कमीजास्त पुंजके पुरतात. त्यांवरून परतलेल्या लहरींचा एक ठसा जमिनीवर उमटतो आणि पुंजके वाऱ्याबरोबर सरकतात तसा तो ठसाही सरकतो. उसाच्या फडावरून ढगाची सावली सरकताना तीन बांधांवर तीन माणसे उभी केली आणि सावली कोणाकडे केव्हा पोचली याच्या वेळा टिपल्या, तर तिचा वेग आणि दिशा काढता येईल. त्रिकोणात मांडलेले तीन अँटेना नेमके हेच करतात. फरक एवढाच की परावर्तनाच्या भूमितीमुळे ठशाचा वेग वाऱ्याच्या दुप्पट असतो, म्हणून उत्तर निम्मे करावे लागते.

इलेक्ट्रॉन वाऱ्याबरोबर का वाहतात? या उंचीवर हवेच्या रेणूंशी त्यांच्या इतक्या टकरी होतात की त्यांना स्वतंत्रपणे कुठे जाता येत नाही. अजून वर गेले की टकरी कमी होतात आणि विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांची सत्ता सुरू होते. तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. तिथे दिवसा १०० किलोमीटरच्या आसपास विजेचा एक प्रवाह पूर्वेकडे वाहतो आणि वरच्या नोंदींत त्याचा हस्तक्षेप दिसतो. कोल्हापूर त्यापासून दूर आहे. एकच लाट दोन अक्षांशांवर कशी दिसते हे पडताळण्यासाठी अशी जोडी फार मोलाची.

या रडारांच्या आलेखात सर्वांत ठळक दिसते ती २४ तासांची भरती-ओहोटी. समुद्राची भरती मुख्यतः चंद्रामुळे, हवेची मुख्यतः सूर्याच्या उष्णतेमुळे. सकाळी बाष्प आणि ओझोन तापतात, त्यातून उठणारी लाट वर चढते आणि ९० किलोमीटरवर वाऱ्याचा वेग सेकंदाला कित्येक मीटरनी रोज कमीजास्त करते. तिच्यावर काही मिनिटे ते काही तासांचे गुरुत्व तरंग स्वार झालेले असतात.

असा उंची आणि काळ यांचा आलेख पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतो. आलेखात लाटेचे शेंडे वरून खाली उतरताना दिसतात, मग लाट खालून वर जाते असे तुम्ही कसे म्हणता? गुरुत्व तरंगाचा हा स्वभावच आहे. त्याची ऊर्जा वर जाते तेव्हा त्याचे शेंडे खाली सरकतात. म्हणूनच खाली उतरणाऱ्या तिरक्या रेघा दिसल्या की आम्ही समजतो, लाटेचा उगम खाली आहे.

कोल्हापूरजवळ पन्हाळ्याला याच संस्थेने आकाशाच्या दीप्तीचे फोटो घेणारा कॅमेरा बसवला. रात्री वरच्या हवेतले रेणू अतिशय मंद प्रकाश देतात. हायड्रॉक्सिलचा प्रकाश सुमारे ८७ किलोमीटरवरून येतो. त्या प्रकाशात गुरुत्व तरंग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखे उमटतात. रडार वारा सांगते, कॅमेरा लाटेची आडवी लांबी आणि दिशा सांगतो.

सह्याद्री, मान्सून आणि चाळणी

आता आपल्या घराजवळचे एक उदाहरण घेऊ. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा सह्याद्रीला धडकतो. घाटमाथ्यावरचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. पण सह्याद्रीमुळे हवेत लाटाही उठतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत आर. पी. सरकार यांनी १९६०च्या दशकात पश्चिम घाटावरच्या या लाटांचे आणि पावसाचे गणिती प्रतिरूप मांडले होते. या लाटा ९० किलोमीटरपर्यंत पोचतात का?

पावसाळ्यात बहुधा नाही, आणि त्याचे कारण सुंदर आहे. डोंगर जागचा हलत नाही, म्हणून डोंगरावरची लाटही जमिनीच्या हिशेबाने स्थिर असते. तिचा वेग शून्य. लाट वर जाताना जिथे वाऱ्याचा वेग तिच्या वेगाइतका होतो, तिथे ती शोषली जाते. मान्सूनमध्ये खाली वारा पश्चिमेचा, तर साधारण सहा-सात किलोमीटरच्या वर तो पूर्वेचा होतो. दिशा बदलताना कुठे तरी वाऱ्याचा वेग शून्य असणारच. सह्याद्रीच्या लाटेचा प्रवास तिथेच संपतो.

आणखी वर, १४ ते १६ किलोमीटरच्या आसपास, दक्षिण भारतावरून पूर्वेकडून येणारा वेगवान झोत वाहतो. पी. कोटेश्वरम यांनी १९५०च्या दशकात त्याचे वर्णन केले. सेकंदाला ३०-४० मीटर वेगाचा हा पूर्वझोत गादंकीच्या रडाराला पावसाळ्यात ठसठशीत दिसतो. ढगांनी उठवलेल्या लाटा डोंगराच्या लाटांसारख्या स्थिर नसतात, वेगवेगळ्या वेगांनी सगळ्या दिशांना जातात. त्यांतल्या पश्चिमेकडे जाणाऱ्या बऱ्याच लाटा या झोतात अडकतात, कारण त्यांचा आणि वाऱ्याचा वेग कुठे ना कुठे जुळतो. पूर्वेकडे जाणाऱ्या मात्र निसटून वर जातात. म्हणजे खालचा वारा ही एक चाळणी आहे. मान्सून फक्त पाऊस पाडत नाही, मध्यांबराला कोणत्या दिशेचा धक्का मिळावा हेही ठरवतो.

क्राकाटोआचा धूर आणि अठ्ठावीस महिने

या ढकलाढकलीचा सर्वांत नवलाचा परिणाम विषुववृत्तावर दिसतो. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची धूळ विषुववृत्ताभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. म्हणजे वर सेकंदाला ३० मीटरहून वेगवान पूर्वेचे वारे होते. १९०८ साली बेर्सन यांनी पूर्व आफ्रिकेत फुगे सोडले, तर त्याच पट्ट्यात पश्चिमेचे वारे सापडले. दोन्ही खरे कसे, याची मेळवणी करायला अर्धशतक गेले. १९६०च्या सुमारास अमेरिकेत रीड आणि ब्रिटनमध्ये एब्डन यांनी स्वतंत्रपणे उत्तर दिले. हे वारे आळीपाळीने दिशा बदलतात. एका पूर्ण आवर्तनाला सरासरी २८ महिने लागतात, आणि प्रत्येक नवी दिशा वरून सुरू होऊन महिन्याला सुमारे १ किलोमीटर या गतीने खाली उतरते.

ऋतुचक्राशी, सूर्याशी, चंद्राशी, कशाशीच न जुळणारे हे २८ महिने आले कुठून? लिंडझेन आणि होल्टन यांनी १९६८ साली सांगितले : खालून येणाऱ्या लाटांमुळे. समजा वर पश्चिमेचा वारा आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या लाटा त्याच्या खालच्या काठाशी शोषल्या जातात आणि तो काठ हळूहळू खाली सरकतो. पश्चिमेकडे जाणाऱ्या लाटा मात्र त्यातून पार होऊन वर जातात आणि तिथे पूर्वेच्या वाऱ्याचा पाया घालतात. पहिला वारा खाली उतरून विरला की दुसऱ्याची पाळी. १९७८ साली प्लम्ब आणि मॅकईवन यांनी कड्याच्या आकाराच्या टाकीत खारट पाण्याचे थर भरून एक रबरी पडदा फक्त वरखाली हलवला. टाकीतले पाणी गोल फिरू लागले आणि काही वेळाने आपोआप उलट्या दिशेने फिरू लागले. कोणीही दिशा दिलेली नव्हती. लाटांनीच ती घडवली आणि लाटांनीच ती मोडली.

साठ वर्षे घड्याळासारखे चाललेले हे आवर्तन २०१६ च्या आरंभी अडखळले. पश्चिमेच्या वाऱ्याच्या मधोमध अचानक पूर्वेचा वारा घुसला. २०१९-२० मध्ये पुन्हा तसेच झाले. समशीतोष्ण प्रदेशातून आलेल्या मोठ्या लाटांकडे त्यात बोट दाखवले जाते. पुढे असे वरचेवर होणार का, हा आज अभ्यासाचा चालू विषय आहे.

लाटांच्या बळाचा आणखी एक पुरावा ध्रुवावर मिळतो. ८५-९० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्या वातावरणातली सर्वांत थंड जागा कोणती? जिथे सूर्य २४ तास मावळत नाही, तो उन्हाळ्यातला ध्रुव. तिथे तापमान उणे १४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. गुरुत्व तरंग तिथल्या वाऱ्यांना असा लगाम घालतात की उन्हाळी ध्रुवावर हवा वर चढत राहते आणि प्रसरण पावून गोठते. उन्हापेक्षा लाटांचा हात तिथे वरचढ ठरतो.

आपल्याला त्याचे काय?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हवामानाचे अंदाज आणि हवामानबदलाची भाकिते संगणकी प्रतिरूपांवर आधारलेली असतात. ही प्रतिरूपे पृथ्वीला चौकोनांत विभागतात. बहुतेक गुरुत्व तरंग त्या चौकोनांत मावण्याइतके लहान असतात, म्हणून ते प्रतिरूपाला दिसत नाहीत. त्यांचा परिणाम अंदाजी सूत्राने घालावा लागतो. सूत्र बरोबर की चूक, हे कोण सांगणार? ज्यांनी प्रत्यक्ष मोजले आहे ते. उष्ण कटिबंधात अशी मोजमापे करणारी ठिकाणे मोजकीच : खिकामार्का, सुमात्रातले २००१ साली सुरू झालेले कोतोताबांगचे रडार, आपले गादंकी, थुंबा, तिरुनेलवेली, कोल्हापूर आणि आणखी थोडी. लाटांचा सर्वांत मोठा कारखाना असलेल्या उष्ण कटिबंधासाठी हे फार थोडे आहे.

याचा आपल्या पावसाशी संबंध दूरचा वाटेल, पण तो आहे. हिंदी महासागरावरून पूर्वेकडे सरकणारा ढगांचा मोठा पट्टा, मॅडन-ज्युलियन आंदोलन, मान्सूनच्या सक्रिय आणि खंडाच्या काळांवर प्रभाव टाकतो. उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात, २८ महिन्यांच्या आवर्तनातले वारे पूर्वेचे असतात तेव्हा, हे आंदोलन अधिक जोमदार असते, असे २०१६ पासूनच्या अभ्यासांत दिसले आहे. बहुतेक प्रतिरूपांना हा संबंध पकडता येत नाही. निसर्गात असलेला दुवा आपल्या गणितात नसेल, तर महिनाभर आधीच्या अंदाजात तेवढी उणीव राहणार.

दुसरी गोष्ट अधिक लांब पल्ल्याची. कार्बन डायऑक्साइडमुळे खालची हवा तापते. वरच्या विरळ हवेत मात्र तोच वायू उष्णता अवकाशात टाकून देतो, म्हणून मध्यांबर आणि त्यावरची हवा थंड होऊन आकसते. हे भाकीत रोबल आणि डिकिन्सन यांनी १९८९ साली केले आणि नंतरच्या निरीक्षणांनी त्याला दुजोरा दिला. वरची हवा आकसली की उपग्रहांना होणारा अटकाव कमी होतो आणि अवकाशातला कचरा अधिक काळ फिरत राहतो. पण त्या उंचीवर ११ वर्षांचे सौरचक्रही चढउतार घडवते. तीस वर्षांच्या नोंदीत तीन चक्रेसुद्धा पुरी बसत नाहीत. सूर्याचा वाटा कोणता आणि माणसाचा कोणता, हे वेगळे करायचे तर नोंद अखंड आणि दीर्घ हवी. मधली पाच वर्षे गळाली तर ती नंतर कोणत्याही पैशाने विकत मिळत नाहीत.

दीर्घ नोंदीचे मोल काय, याचे उदाहरण मुंबईतच आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मूळ कुलाबा वेधशाळेत आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी इतिहासातले एक सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ आले. तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीप्रमाणे आकडे वहीत उतरवले : चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण. त्या दिवशी त्याचा उपयोग कोणालाच सांगता आला नसता. १४४ वर्षांनी, २००३ साली, असे वादळ आज आले तर वीजजाळे आणि उपग्रह यांचे काय होईल हे ताडण्यासाठी शास्त्रज्ञांनी तीच वही उघडली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात दोन्हीकडची उपकरणे दोन वर्षे बरोबरीने चालवली गेली. एवढी काळजी घेतल्यामुळेच ती मालिका आज वापरता येते.

कोल्हापूरच्या तारा, गादंकीचे अँटेना, पन्हाळ्याचा कॅमेरा हे त्याच वहीचे पुढचे भाग आहेत. नवे यंत्र उभारायला निधी मिळतो, उद्घाटन होते, बातमी येते. जुने यंत्र रोज चालू ठेवायला, त्याचा प्रक्षेपक दुरुस्त करायला, नवे आले तरी काही काळ जुने त्याच्या शेजारी चालवायला निधी आणि माणसे मिळवणे कठीण जाते. त्या कामाची बातमीही होत नाही. मला विचाराल तर या क्षेत्रात पुढच्या पिढीसाठी सर्वांत महत्त्वाचे काम तेच आहे. वारा रोज वाहतो आणि निघून जातो. तो ज्या दिवशी मोजला नाही, तो दिवस वहीतून कायमचा गेला.